आधी अर्थकारण की आधी राजकारण? खाणपट्ट्यातून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

डिचोलीच्या एका अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "चीनने अर्थव्यवस्था मोकळी केली आणि राजकारण मुठीत ठेवलं, तो पुढे गेला. रशियाने आधी राजकारण मोकळं केलं, तो कोसळला. मग उदयोन्मुख देशांनी निवडणुकांच्या धबडग्यात आर्थिक सुधारणा करण्याचा आग्रह का धरावा? आणि आमच्या गोव्यातल्या खाणींना यातलं काही लागू पडतं का?"

सरकारी महसूल, अर्थसंकल्प आणि खनिजाचं उत्पन्न या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रश्न डिचोलीहून आला म्हणून जास्त जिव्हाळ्याचा वाटला, कारण खनिजाचा भाव वर गेला की गाव कसा फुलतो आणि पडला की कसा कोमेजतो हे तिथल्या मुलांनी घरात बसून पाहिलंय.

माझं मत आधीच सांगतो. आधी काय आणि नंतर काय, यावर फारसं काही ठरत नाही. सुधारणेत ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्या हातात काय पडतं, आणि सुगीच्या दिवसांतला पैसा खर्च करणाऱ्याच्याच ताब्यात राहतो का, या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. दोन्ही गोष्टी दिसायला आर्थिक आहेत, पण त्या घडवायला राजकारणच लागतं.

क्रमाचा सिद्धांत तपासायचा तर पोलंडकडे बघा. तिथे १९८९ मध्ये आधी निवडणूक झाली, सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या नेतृत्वाखाली सरकार आलं आणि १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा कठोर कार्यक्रम लागू झाला. भाव मोकळे, अनुदानांना कात्री, चलन खुलं. पहिली दोन वर्षं लोकांचे हाल झाले, कारखाने बंद पडले, पण १९९२ पासून उत्पादन वाढू लागलं. मधल्या काळात सरकारं पडली, जुने कम्युनिस्ट नव्या पक्षाच्या नावाने निवडून आले, तरी चौकट कोणी मोडली नाही. रशियातही राजकारण आधीच सुटं झालं होतं. २ जानेवारी १९९२ ला भाव मोकळे झाले आणि त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या घरात गेली. निवृत्तांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली, तिची भरपाई झाली नाही. पुढे १९९५ मध्ये बँकांनी सरकारला कर्ज दिलं, तारण म्हणून तेल आणि निकेलच्या कंपन्यांचे शेअर घेतले. सरकारने कर्ज फेडलं नाही आणि कंपन्या मोजक्या लोकांच्या पदरात पडल्या. दोन्ही देशांत क्रम तोच होता, निकाल मात्र उलटे लागले.

चीनचं यशही वेगळ्या कारणाचं आहे. सुरुवातीच्या दशकात तिथे कोणाच्या ताटातलं काही काढून घेतलं नाही. शेतकऱ्याने ठरलेला कोटा सरकारला ठरलेल्या भावाने द्यायचा आणि वरचं बाजारात विकायचं. कारखान्यांनाही असाच दुहेरी भाव होता. शहरातल्या कामगाराचं स्वस्त धान्य चालू राहिलं, शेतकऱ्याची कमाई वाढली, आणि जुनी यंत्रणा चालवणाऱ्या अधिकाऱ्यालाही विरोध करायचं कारण उरलं नाही. १९८८ मध्ये उरलेले भाव एकदम मोकळे करण्याची घोषणा झाली तेव्हा त्याच चीनमध्ये दुकानांपुढे झुंबड उडाली, लोकांनी बँकांतून पैसे काढले आणि सरकारला मागे फिरावं लागलं. पुढच्या वर्षी तिआनआनमेन चौकात जो असंतोष उसळला त्यात या महागाईचाही वाटा होता. हुकूमशाही असली की सुधारणा आपोआप पचते, असं मानणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये.

एकाच देशाने एकच उपाय दोनदा केला आणि दोन निकाल लागले, असं उदाहरण हवं असेल तर इंडोनेशियाचं घ्या. मे १९९८ मध्ये सुहार्तो सरकारने नाणेनिधीच्या अटींनुसार इंधनाचे भाव सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढवले. रुपिया आधीच कोसळला होता, लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. मेदानमध्ये दंगली उसळल्या, मग जाकार्ता पेटलं आणि २१ मे रोजी बत्तीस वर्षांची राजवट संपली. ऑक्टोबर २००५ मध्ये निवडून आलेल्या युधोयोनो सरकारने इंधनाचे भाव सरासरी दुपटीहून जास्त वाढवले. मोर्चे निघाले, पण सरकार हललं नाही. कारण भाववाढीबरोबरच सुमारे १ कोटी ९० लाख गरीब कुटुंबांना टपाल कार्यालयातून महिना एक लाख रुपियांप्रमाणे तीन-तीन महिन्यांची रोख रक्कम मिळू लागली. याद्या सदोष होत्या, काही गरीब सुटले, काही सधन आत शिरले. तरीही माणसाला दिसत होतं की एका हाताने घेतलं तर दुसऱ्या हाताने काही दिलंय. युधोयोनो २००९ मध्ये पुन्हा निवडून आले. सुधारणेची मात्रा २००५ मध्ये जास्त कडक होती, सरकारचे हात लोकशाहीने बांधलेले होते, आणि तीच सुधारणा टिकली.

आता चिली. या देशावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण गोव्याला शिकण्यासारखं इथे सर्वांत जास्त आहे आणि सावध करणारंही इथेच आहे.

चिलीचं नाव निघालं की लोक पिनोशेच्या लष्करी राजवटीतल्या खासगीकरणाबद्दल बोलतात. त्या काळात १९८२ मध्ये पेसो डॉलरला जखडून ठेवल्यामुळे जो अनर्थ झाला, त्यात एका वर्षात उत्पन्न चौदा टक्क्यांच्या आसपास घसरलं, हे मात्र सांगितलं जात नाही. ज्या व्यवस्थेचं मला मोल वाटतं ती लोकशाही परतल्यावर उभी राहिली. चिलीच्या सरकारचं उत्पन्न तांब्यावर अवलंबून. भाव चढला की तिजोरी भरते, मंत्री उदार होतात, पगार आणि योजना वाढतात. भाव पडला की कपात, कर्ज, बेकारी. २००१ पासून लागोस सरकारने नियम घातला की खर्च या वर्षीच्या तांब्याच्या भावावर ठरणार नाही, दीर्घकालीन भावावर ठरेल. आणि दीर्घकालीन भाव कोण सांगणार? अर्थमंत्री नाही. बाहेरच्या तज्ज्ञांची समिती. प्रत्येक तज्ज्ञ पुढच्या दहा वर्षांच्या सरासरी भावाचा अंदाज स्वतंत्रपणे देतो, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा अंदाज वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी धरतात.

या साध्या पद्धतीचं वजन २००६ मध्ये कळलं. समितीने धरलेला भाव पाउंडाला एक डॉलरच्या आत होता आणि बाजारात तांबं तीन डॉलरला विकलं जात होतं. मधला सगळा फरक बाजूला पडत गेला. त्याच वर्षी जबाबदार वित्तव्यवहाराचा कायदा झाला, पेन्शनसाठी एक राखीव निधी निघाला आणि २००७ मध्ये स्थिरीकरणाचा दुसरा निधी. तेव्हाच शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली होती: देशाकडे इतका पैसा असताना आमच्या शाळा अशा का? प्रश्न रास्त होता. अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर चोहोबाजूंनी टीका झाली, राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांची लोकप्रियता खाली गेली. २००८ च्या अखेरीस स्थिरीकरण निधीत वीस अब्ज डॉलर साठले होते. मग जागतिक मंदी आली, तांबं निम्म्याहून खाली आलं आणि चिलीने कोणापुढे हात न पसरता २००९ मध्ये त्या निधीतून अब्जावधी डॉलर बाहेर काढून गरीब कुटुंबांना रोख मदत दिली, रस्त्यांची कामं काढली. बाशेले पायउतार झाल्या तेव्हा त्यांच्यामागे बहुसंख्य जनता उभी होती.

इथवर ऐकून चिलीची नक्कल करायची घाई होते. थांबा. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचं भाडं तीस पेसोंनी वाढलं आणि देश पेटला. तिजोरी शिस्तीत होती, पण निवृत्तिवेतन खासगी खात्यांवर सोडलेलं, शिक्षण आणि आरोग्य ऐपतीप्रमाणे वाटलेलं, आणि राज्यघटना १९८० च्या लष्करी राजवटीची. त्या राजवटीने १९८१ पासून सामान्य कामगारांचं पेन्शन खासगी कंपन्यांकडे नेलं, लष्कराचं मात्र जुन्या सरकारी योजनेतच ठेवलं. शिवाय सरकारी तांबे कंपनी कोदेल्कोच्या निर्यातीतले दहा टक्के थेट लष्कराच्या खरेदीकडे वळवणारा कायदा होता. तो रद्द व्हायला २०१९ उजाडलं. नियम लिहिणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळलं की लोक ते विसरत नाहीत, हिशेब कितीही चोख असो. नंतर घटनेचे दोन मसुदे निघाले, एक डाव्यांच्या वळणाचा आणि एक उजव्यांच्या, आणि २०२२ व २०२३ मध्ये लोकांनी दोन्ही फेटाळले.

नायजेरियाची गोष्ट थोडक्यात. तिथे २००४ मध्ये अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेला यांनी तेलाच्या वरकमाईसाठी वेगळं खातं उघडलं. २००८ च्या अखेरीपर्यंत त्यात वीस अब्ज डॉलरच्या आसपास जमले, चिलीइतकेच. पण त्या खात्याला घटनेचा भक्कम आधार नव्हता. राज्यांचे गव्हर्नर म्हणत, घटनेप्रमाणे सगळं उत्पन्न समाईक खात्यात येऊन वाटलं गेलं पाहिजे, आणि कायद्याच्या अक्षराने ते चुकीचे नव्हते. दोन वर्षांत त्या रकमेचा चतुर्थांशही उरला नाही. दोन्ही निधी जवळपास सारखेच होते, एकाला कायदा आणि समिती होती, दुसरा काही लोकांच्या चांगुलपणावर उभा होता.

आता आपल्या घरी येऊ. चीनची मागणी वाढली तशी आपल्या कमी प्रतीच्या खनिजालाही बाजार मिळाला. २००९ पर्यंत लोहखनिजावरचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, टनामागे ठरावीक काही रुपये होतं. भाव कितीही चढला तरी सरकारच्या वाट्याला तेच रुपये. म्हणजे २००४ ते २००८ या तेजीतली वरकमाई तिजोरीत आलीच नाही; ऑगस्ट २००९ मध्ये दर विक्रीमूल्याच्या दहा टक्क्यांवर आला आणि २०१४ मध्ये पंधरावर गेला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं, त्यात कर्नाटकातून आलेलंही होतं. त्या काळात कुडचड्यापासून साखळीपर्यंत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्ज बांधल्या.

मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारची स्थगिती आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी. योगायोग पाहा: त्याच वर्षी, काही महिने आधी, सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला होता आणि गृह आधार, लाडली लक्ष्मीसारख्या योजना जाहीर केल्या होत्या. या योजनांनी अनेक घरांतल्या बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, त्याबद्दल मला आदर आहे. पण दर महिन्याचा कायमचा खर्च ज्या उत्पन्नाच्या भरवशावर अंगावर घेतला ते कायमचं नव्हतं. पेट्रोलवरचा कर पुढे टप्प्याटप्प्याने परत आला. चिलीसारखा नियम असता तर हा हिशेब योजना जाहीर करण्याआधीच मांडावा लागला असता.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. कल्पना अशी की जमिनीतलं खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही मालमत्ता आहे. ते विकलं तर मुद्दल जपावं आणि व्याजच वापरावं. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला. देशात खनिजाबाबत असा विचार फार थोड्या ठिकाणी झालाय आणि याचा गोमंतकीयांना अभिमान वाटायला हवा. पण हा निधी न्यायालयाच्या आदेशातून जन्मला. विधानसभेत त्यावर रणधुमाळी झाली नाही, निवडणुकीत तो कळीचा मुद्दा झाला नाही. नायजेरियाच्या खात्याहून त्याचा पाया मजबूत आहे हे खरं, पण त्याची राखण करायला उभे राहणारे लोक तयार झाले नाहीत.

आणि जे दुखावले त्यांचं काय? ट्रकवाला, बार्जवर काम करणारा, खाणीच्या दारातला चहावाला. त्यांना मदत मिळाली, पण खाणी बंद झाल्यावर, अर्ज-विनंत्या आणि मोर्चे यांच्यानंतर. कर्जाच्या हप्त्याला मात्र धीर नव्हता. म्हणून पर्यावरण वाचवणारे विरुद्ध पोट भरणारे अशी फाळणी झाली. माझ्या मते ही फाळणी टाळता आली असती. मर्यादित खाणकामाने किती ट्रक पोसले जातील हे आधी मोजून, उरलेल्यांना बाहेर पडण्यासाठी पैसा आधीच बाजूला ठेवला असता, तर शिरगाव-मयेतला बुजलेल्या झरीकडे बघणारा शेतकरी आणि त्याचाच ट्रकवाला भाऊ एकाच मागणीवर उभे राहिले असते.

उलट आपण काय केलं? लिलाव बंधनकारक करणारा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ रोजी आला. त्याआधीच्या आठवड्यांत राज्याने जुन्याच पट्टेधारकांच्या नूतनीकरणाची घाई केली. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती ८८ नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव व्हायला २०२२ चा डिसेंबर लागला. मोजक्यांचं जुनं हित सांभाळण्याच्या नादात हजारो घरांची ही वर्षं गेली, आणि ती घरं कुठल्याही लिलावात नव्हती.

गोव्यात हे सगळं परकं असायचं कारण नाही. गावकरी संस्था, म्हणजे आपली कोमुनिदाद, शतकानुशतकं हेच करत आली. खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांधाआडची शेतं, आणि मानशीतल्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातल्या, मासळीचा हक्क जाहीर पावणीत, म्हणजे लिलावात, जाई, त्यातून आधी बांधांची दुरुस्ती आणि देवळाचा-गावाचा खर्च भागे, आणि मग उरलेल्यातून गावकऱ्यांना झोण, म्हणजे त्यांचा हिस्सा, मिळे. जाहीर लिलाव, आधी मालमत्तेची डागडुजी, मग हिश्शाची वाटणी. तिची उणीवही तितकीच ठळक होती: झोण मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांनाच मिळायची. बायका नाहीत, कूळ नाही, शेतात राबणारा नाही. म्हणूनच मुक्तीनंतर १९६४ च्या कूळकायद्याची आणि पुढे कसेल त्याची जमीन या दुरुस्तीची गरज पडली, आणि ज्यांना आधी हिस्साच नव्हता त्यांना संस्थेच्या पडझडीचं दुःख होण्याचं कारण नव्हतं.

बोत्स्वानाने हे फार आधी ओळखलं. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले ते राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात. त्याच वर्षी कायदा झाला की खनिज जमातीचं नाही, देशाचं. स्वतःच्या माणसांचा हक्क सोडून त्यांनी सुरुवात केली, म्हणून बाकीच्या जमातींनी मानलं. पुढे तिथली बचत जगात नावाजली गेली. तरीही हिऱ्यापलीकडे पुरेसे रोजगार उभे राहिले नाहीत. अलीकडे हिऱ्यांचा बाजार बसला आणि ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत अठ्ठावन्न वर्षं राज्य करणारा पक्ष हरला. सत्ता शांतपणे दुसऱ्याच्या हाती गेली. बचतीने रोजगार मिळत नाहीत, पण इतक्या ताणातही देश तुटला नाही यात जुन्या नियमांचा वाटा आहे.

तर आज गोव्यात काय मागावं? लिलावातली बोली खनिजाच्या विक्रीमूल्याच्या टक्केवारीत लागते, म्हणजे राज्याचं उत्पन्न आता भावाबरोबर पूर्वीपेक्षा जास्त हेलकावे खाणार. २०११ मध्ये टनाला १८० डॉलरच्या पुढे गेलेला आंतरराष्ट्रीय भाव २०१५ च्या अखेरीस चाळीसच्या खाली होता. म्हणून पहिली मागणी: अर्थसंकल्पात धरायचा खनिजाचा भाव सरकारबाहेरच्या समितीने ठरवावा आणि त्यावरचं उत्पन्न आपोआप बाजूला पडावं. हा नियम भाव चढलेला असताना करून ठेवावा लागतो. पडल्यावर बाजूला टाकायला काही उरत नाही. दुसरी: कायमस्वरूपी निधीला विधानसभेचा स्वतंत्र कायदा हवा, आणि त्याच्या व्याजातला हिस्सा प्रत्येक गोमंतकीयाच्या खात्यात, बाईच्याही आणि पुरुषाच्याही, दरवर्षी जमा व्हावा. रक्कम लहान असेल. तरीही पुढचा कोणी मुद्दलाला हात घालू लागला तर जाब विचारायला लाखो हिस्सेदार असतील.

तिसरी मागणी तुमच्याच गावची आहे. लिलावातल्या खाणींकडून जिल्हा खनिज निधीला स्वामित्वधनाच्या दहा टक्के मिळतात. स्वामित्वधन पंधरा टक्के असेल तर शंभर रुपयांच्या खनिजामागे हा निधी दीड रुपया होतो. कायद्याने तो खाणीची झळ बसलेल्यांसाठी आहे. धूळ कोणाच्या घरात शिरते, कोणाची विहीर आटली, कोणाचा ट्रक उभा आहे, याची यादी ग्रामसभेत जाहीर वाचली जावी आणि निधीचा खर्च त्या यादीशी ताडून दाखवला जावा. तुम्ही अर्थशास्त्र शिकताय, तुमच्याकडे वेळ आहे आणि हिशेब वाचता येतो. निधीचे वार्षिक अहवाल मिळवा, माहितीच्या अधिकारात मागावे लागले तर मागा, आणि तुमच्या पंचायतीच्या वाट्याला नेमकं काय आलं याचा एक पानाचा तक्ता करून पुढच्या ग्रामसभेत वाटा. तक्ता झाला की मलाही पाठवा. आकडे कुठे जुळत नाहीत ते आपण दोघं मिळून शोधू.